एडिटर प्लगइनला पॅच पाठवायचाय? आधी बग पकडून दाखवा

मी एका ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला आहे अशा) एडिटर प्लगइनच्या मेंटेनरांपैकी, म्हणजे ते सांभाळणाऱ्यांपैकी, एक आहे. नेओव्हिम या एडिटरमध्ये तुम्ही कोड लिहीत असता, मागे लँग्वेज सर्व्हर, म्हणजे कोड तपासणारा वेगळा प्रोग्रॅम, चालू असतो, आणि त्या सर्व्हरला सापडलेल्या चुका बरोबर जागी, टायपिंगला धक्का न लावता दाखवायच्या, एवढंच आमच्या प्लगइनचं काम. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे, हे काम संध्याकाळचं. म्हणजे तुमचा पीआर (पुल रिक्वेस्ट, ‘माझा बदल घ्या’ अशी विनंती) मी उघडते तेव्हा डोकं दिवसभराच्या कामाने शिणलेलं असतं, हाताशी जेमतेम तासभर असतो, आणि समोरचा कोड मर्ज केला, म्हणजे मूळ कोडात मिसळला, तर तो उद्यापासून अनोळखी लोकांच्या प्रत्येक कळ दाबण्याबरोबर चालणार असतो. बहुतेक प्लगइनांच्या मेंटेनरांची स्थिती याहून फार वेगळी नसते.

त्या तासात कोणता पीआर मर्ज होतो? ज्यातला बग मला दोन मिनिटांत माझ्या मशीनवर दिसतो आणि ज्यातला बदल एका बैठकीत वाचून होतो, तो. कोड किती चतुर आहे हा प्रश्न फार नंतर येतो. म्हणून या लेखात कोड लिहिण्यापेक्षा बग पकडण्यावर जास्त जागा खर्च केली आहे.

कोणत्या प्लगइनला हात घालायचा

जे तुम्ही रोज वापरता त्याला. यादीतून एखादा प्रसिद्ध प्रकल्प निवडून ‘गुड फर्स्ट इश्यू’ (नवख्यांसाठी सोपं) असं लेबल लावलेले इश्यू, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, शोधत बसण्यापेक्षा, तुम्हाला रोज खुपणारी एक बारीक गोष्ट घ्या. लेबल लावलेल्या इश्यूवर बऱ्याचदा आधीच चार जणांनी ‘हे मी करू का?’ असं लिहिलेलं असतं. तुम्हाला खुपणारा बग मात्र तुमच्या हाताखाली असतो, तो कधी येतो आणि कधी येत नाही हे तुम्हाला माहीत असतं, आणि दुरुस्ती झाली की ती खरंच झाली का हे तुम्हीच सर्वांत आधी ओळखता.

प्रकल्प जिवंत आहे का, हे गिटहबवर लोकांनी दिलेल्या ताऱ्यांच्या संख्येवरून कळत नाही. बंद झालेल्या पीआरची यादी उघडा आणि बाहेरच्या माणसाचा शेवटचा पीआर कधी मर्ज झाला ते पाहा. त्यातले दोन-तीन पूर्ण वाचा. मेंटेनर काय मागतात, चाचणीशिवाय बदल घेतात का, कमिटचे (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांचे) संदेश कोणत्या धाटणीचे असतात, नवख्याशी कसं बोलतात, हे सगळं तिथे उघड दिसतं. कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाइल असेल तर ती वाचायचीच, पण मर्ज झालेले पीआर त्याहून खरं बोलतात. रेपो, म्हणजे प्रकल्पाचा कोड ठेवलेली जागा, ‘अर्काइव्ह’ केलेला असेल तर तो फक्त वाचण्यापुरता असतो, तिथे पीआर पाठवताच येत नाही. ॲटम एडिटर १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद झाला तेव्हा त्याच्याभोवतीच्या कितीतरी पॅकेजांवर लोकांनी मनापासून केलेलं काम तसंच थांबलं. आपली संध्याकाळ कुठे घालवायची हे ठरवताना एवढी चौकशी करायला हरकत नाही.

परवान्याचंही एकदा बघून घ्या. बहुतेक प्लगइन एमआयटी, अपाचे किंवा जीपीएल परवान्याखाली असतात आणि पीआर पाठवणं पुरेसं असतं. काही ठिकाणी प्रत्येक कमिटवर ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ लागते. लिनक्स कर्नलमध्ये २००४ साली सुरू झालेली ही पद्धत आहे, ‘गिट कमिट -एस’ लिहिलं की ती ओळ आपोआप येते. ईमॅक्स या एडिटरचं वेगळं आहे. खुद्द ईमॅक्स किंवा ग्नू एल्पा या त्याच्या अधिकृत संग्रहातल्या पॅकेजात मोठा बदल द्यायचा तर कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करण्याची कागदपत्रं आधी पूर्ण करावी लागतात. मेल्पा या दुसऱ्या संग्रहातल्या पॅकेजांना ही अट नाही. नोकरीत असाल तर मालकाशी झालेल्या करारात मोकळ्या वेळेतल्या कोडबद्दल काय लिहिलंय तेही वाचा.

बग एकटा पाडा

आता खरं काम. तुमच्या एडिटरमध्ये डझनभर प्लगइन आहेत, वर तुमच्या स्वतःच्या कॉन्फिगच्या, म्हणजे सेटिंगच्या फाइलच्या, कितीतरी ओळी. बग त्यातल्या कशामुळे येतो हे तुम्ही सिद्ध करेपर्यंत मेंटेनर पुढे सरकू शकत नाही. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळशा दुसऱ्याच प्लगइनच्या निघतात.

व्हिम आणि नेओव्हिम दोन्हींना ‘--क्लीन’ हा पर्याय आहे. त्याने तुमचं कॉन्फिग बाजूला ठेवून एडिटर उघडतो. ईमॅक्समध्ये तेच काम कॅपिटल ‘-क्यू’ करतो. व्हीएस कोडमध्ये कमांड पॅलेट उघडून ‘स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट’ चालवा. तो निम्मी एक्स्टेन्शनं (व्हीएस कोडमधली प्लगइन) बंद करतो आणि विचारतो, अजून दिसतंय का? तुम्ही उत्तर देत गेलात की दोषी एक्स्टेन्शन थोड्याच फेऱ्यांत उरतं. ही सोय आतच आहे, तरी फार कमी लोकांना माहीत असते.

मग किमान कॉन्फिग बनवा. एक छोटी फाइल, जिच्यात फक्त हे एक प्लगइन आणि बगला लागणारी एखाद-दुसरी सेटिंग. एडिटर तिच्यासह उघडा. बग दिसला? एक ओळ काढा, पुन्हा बघा. काढण्यासारखं काही उरलं नाही की ती फाइल इश्यूत चिकटवा. सोबत ज्या फाइलवर बग येतो तीही द्या, तीसुद्धा चार-पाच ओळींची. स्क्रीनचं चित्र चालेल, पण मजकूर म्हणून दिलेला कोड मला कॉपी करता येतो, चित्रातला येत नाही. एडिटरची आवृत्ती, प्लगइनचा कमिट क्रमांक आणि ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला विसरू नका.

हे किती कामी येतं ते एका बगवरून सांगते. तो आमच्या प्लगइनवर आला होता आणि मराठी लिहिणाऱ्या कुणालाही तो चटकन समजेल.

तक्रार अशी होती की चुकीखालची लाल रेघ ‘कधीकधी’ भलत्याच जागी येते. कधीकधी म्हणजे केव्हा? ज्याने तक्रार केली त्याने चिकाटीने लहान करत करत एका ओळीवर आणलं. पायथनची एक ओळ: प्रिंट, कंस, दुहेरी अवतरणात ‘नमस्ते’ हा शब्द, स्वल्पविराम, एक जागा, आणि मग कुठेच न घोषित केलेलं एक व्हेरिएबल. रेघ त्या व्हेरिएबलखाली यायला हवी. ती येत होती ‘नमस्ते’च्या पोटात, ‘स्ते’पाशी. अवतरणातला शब्द बदलून इंग्रजी केला की रेघ बरोबर जागी.

एवढ्यावरून कारण जवळजवळ हाती लागतं. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल २०१६ साली मायक्रोसॉफ्टने खुला केला. एडिटर आणि सर्व्हर त्यातून एकमेकांशी जेसन-आरपीसी या संदेशांच्या पद्धतीने बोलतात, आणि ओळीतली जागा सांगताना मूळ प्रोटोकॉल यूटीएफ-१६ (अक्षरं साठवायची एक पद्धत) एककांत मोजतो. जावास्क्रिप्टच्या स्ट्रिंगही तशाच मोजल्या जातात, त्यामुळे व्हीएस कोडच्या एक्स्टेन्शनना हा हिशेब आपसूक जमतो. नेओव्हिमची प्लगइन ज्या लुआ भाषेत लिहितात तिच्यात मात्र स्ट्रिंगची लांबी म्हणजे बाइटची संख्या, आणि नेओव्हिममध्ये ज्याने ही रेघ काढतात त्या एक्स्टमार्कलाही कॉलम बाइटमध्येच द्यावा लागतो.

आता मोजा. ‘नमस्ते’ हे डोळ्यांना न, म, स्ते असं दिसतं. युनिकोडमध्ये त्याचे सहा तुकडे आहेत: न, म, स, हलन्त, त आणि ए-कार. यूटीएफ-१६ मध्ये प्रत्येकाला एक एकक, म्हणजे ६. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे १८. प्रिंट हा पाच अक्षरी इंग्रजी शब्द, कंस आणि अवतरण मिळून ७. मग ६. मग बंद अवतरण, स्वल्पविराम आणि जागा मिळून ३. शून्यापासून मोजत सर्व्हर म्हणतो, चूक १६ व्या कॉलमवर आहे. बाइटच्या हिशेबाने तीच जागा २८ आहे. प्लगइनने १६ हा आकडा बाइट समजून वापरला, तर सात बाइटनंतर न, म, स यांचे नऊ बाइट जाऊन रेघ अचूक हलन्तावर पडते. तक्रार करणाऱ्याने ‘स्ते’पाशी म्हटलं होतं ते यामुळे.

पहिला पॅच आला त्यात बाइटऐवजी युनिकोडचे तुकडे मोजले होते. देवनागरीवर तो बरोबर चालला. पण हसऱ्या चेहऱ्याच्या इमोजीचा तुकडा एक, यूटीएफ-१६ एककं दोन आणि यूटीएफ-८ बाइट चार असतात. शब्दाच्या जागी इमोजी टाकला की रेघ पुन्हा सरकली. शिवाय प्रोटोकॉलच्या ३.१७ आवृत्तीपासून सर्व्हर आणि क्लायंट (म्हणजे एडिटर) आपसात ठरवून दुसरं एन्कोडिंगही, म्हणजे मोजायची दुसरी पद्धतही, वापरू शकतात. म्हणून शेवटच्या पॅचमध्ये काहीच गृहीत धरलं नाही. क्लायंटच्या नोंदीत कोणतं एन्कोडिंग ठरलंय ते विचारायचं आणि त्यानुसार नेओव्हिमच्याच तयार फंक्शनने बाइटचा कॉलम काढायचा. बदल अगदी थोड्या ओळींचा होता. चाचण्या मात्र तीन आल्या: साधी इंग्रजी ओळ, देवनागरी ओळ, इमोजीची ओळ.

तुम्ही मराठीत कॉमेंट लिहीत असाल, फोल्डरला देवनागरी नाव देत असाल, तर असे बग तुम्हालाच आधी दिसणार आहेत. फाइलचा पत्ता यूआरआय म्हणून जातो तेव्हा एका ‘न’चे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइटचा टक्केचिन्हासह वेगळा तुकडा पडतो. तो उलगडताना गफलत करणारी प्लगइन आजही सापडतात. शब्द पुरा करणारी यादी हलन्तानंतर मध्येच बंद होते, शब्द निवडताना जोडाक्षर अर्धं कापलं जातं, नाव बदलण्याच्या आज्ञेने शेजारचं अक्षर खाल्लं जातं. जगभरच्या मेंटेनरांकडे हे तपासायला माणूस नसतो. तुमच्याकडे ते सहज आहे, आणि मला स्वतःला असे पीआर सर्वांत मोलाचे वाटतात.

एक अपवाद. बग सुरक्षेचा असेल, म्हणजे नुसती फाइल किंवा फोल्डर उघडल्याने एखादी आज्ञा चालत असेल, तर तो जाहीर इश्यूत लिहायचा नाही. सिक्युरिटी नावाच्या फाइलमध्ये दिलेल्या मार्गाने खासगीत कळवा. ही भीती काल्पनिक नाही. २०१९ साली व्हिम आणि नेओव्हिममध्ये मोडलाइनमधून, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या एडिटरच्या सेटिंगच्या ओळीतून, असं करता येतं हे उघड झालं होतं.

कोडात शिरताना

फोर्क करा (गिटहबवर स्वतःची प्रत काढा), क्लोन करा (ती आपल्या मशीनवर उतरवा), मूळ रेपो ‘अपस्ट्रीम’ नावाने रिमोट म्हणून जोडा, मेन या मुख्य शाखेवरून नवी ब्रँच काढा. हे सगळीकडे सारखंच. आपल्या मेनवर थेट कमिट करू नका, एवढं पाळलं की पुढचा गुंता वाचतो.

सगळा कोड वाचण्याच्या फंदात पडू नका. स्क्रीनवर दिसणारा एखादा मजकूर घ्या, चूक सांगणारा संदेश, कमांडचं नाव, सेटिंगचं नाव, आणि तो पूर्ण रेपोत शोधा. व्हीएस कोडच्या एक्स्टेन्शनमध्ये हा धागा बहुधा पॅकेज जेसनमधल्या ‘कॉन्ट्रिब्यूट्स’ भागात सुरू होतो. कमांड, सेटिंग, कळांच्या जोड्या सगळ्या तिथे जाहीर केलेल्या असतात, आणि तिथून ‘ॲक्टिव्हेट’ फंक्शनपर्यंत जाता येतं. एफ५ दाबलं की तुमच्या बदलांसह दुसरी खिडकी उघडते आणि मूळ खिडकीत ब्रेकपॉइंट लावता येतात. नेओव्हिमच्या प्लगइनमध्ये ‘प्लगइन’ फोल्डरात सुरुवातीला चालणारा कोड, ‘लुआ’ फोल्डरात बाकी सगळा आणि ‘डॉक’मध्ये मदत, अशी साधारण मांडणी असते.

एखादी ओळ विचित्र वाटली तर ती काढण्याआधी ‘गिट ब्लेम’ करा. ती कोणत्या कमिटमध्ये आली, त्याच्याशी कोणता इश्यू जोडला आहे ते वाचा. एडिटर प्लगइनमध्ये विचित्र ओळी उगाच नसतात. विंडोजवर ड्राइव्हचं अक्षर कधी लहान कधी मोठं येतं, कुणाच्या टर्मिनलमध्ये एस्केप कळ उशिरा पोचते, असल्या कुणाच्यातरी त्रासाचा तो इलाज असतो. बग नव्या आवृत्तीत आला असेल आणि जुन्यात नसेल तर ‘गिट बायसेक्ट’ तुम्हाला नेमक्या कमिटवर नेऊन सोडतो. ‘या कमिटनंतर हे सुरू झालं’ हे एक वाक्य इश्यूत असलं तर माझं निम्मं काम झालेलं असतं, मग तुम्ही दुरुस्ती नाही केलीत तरी.

एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवणारं साधन) वापरणाऱ्या प्रकल्पात ‘एनपीएम सीआय’ने पॅकेजं बसवा. ‘एनपीएम इन्स्टॉल’ लॉक फाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) बदलू शकतं, आणि चार ओळींच्या दुरुस्तीसोबत शेकडो ओळींची लॉक फाइल आली की पीआर वाचायला घ्यावासा वाटत नाही.

बदल करताना

आधी चाचणी लिहा आणि ती नापास होताना बघा. मग दुरुस्ती करा. चाचणी कशी लिहायची कळत नसेल तर शेजारची चाचणी कॉपी करून तिच्यात तुमची ओळ घाला, हा चांगला मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. रेघ बरोबर रंगात दिसते का, हे तपासणं अवघड असतं. रेघेचा सुरुवातीचा कॉलम २८ आला का, हे तपासणं सोपं असतं. जिथे जमेल तिथे दुसऱ्या प्रकारात या.

बदलाला तुमच्या एडिटरच्या आपोआप फॉरमॅट करण्याच्या सवयीपासून वाचवा. सेव्ह केल्याबरोबर पूर्ण फाइलची मांडणी बदलली आणि तीच कमिट झाली, हे सारखं घडतं. ‘गिट ॲड -पी’ वापरून तुकडा तुकडा पाहत जोडा. वाटेत दिसलेलं चुकीचं स्पेलिंग, न आवडलेलं व्हेरिएबलचं नाव, जुन्या धाटणीचं लूप, या सगळ्यांना आत्ता राहू द्या. हवं तर त्यांचा वेगळा पीआर करा. आवृत्तीचा क्रमांक वाढवू नका, तो रिलीज करणाऱ्याचा प्रांत आहे. मदतीची फाइल रीडमीवरून आपोआप तयार होत असेल तर तयार झालेली फाइल हाताने दुरुस्त करू नका, रीडमी दुरुस्त करा.

एडिटर प्लगइनचा एक खास धोका आहे. तुमचा कोड केव्हा चालणार हे नीट तपासा. कर्सर हलला की, अक्षर टाइप झालं की चालणाऱ्या कोडात बाहेरचा प्रोग्रॅम थांबून वाट पाहत चालवला, तर टायपिंग अडखळतं. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. गिटला एक साधा प्रश्न विचारायलाही मोठ्या रेपोत त्याहून जास्त वेळ लागू शकतो. असं काम मागे चालवा, आणि माणूस टाइप करायचा थांबेपर्यंत थोडं लांबवा. व्हीएस कोडमध्ये एक्स्टेन्शनं वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात, त्यामुळे खिडकी गोठत नाही, पण एका एक्स्टेन्शनने ती प्रोसेस अडवून धरली तर त्याच प्रोसेसमधल्या बाकीच्यांच्या सूचनाही थांबतात. वापरणारा दोष भलत्यालाच देतो. तिथेच आणखी एक गोष्ट: ऐकणारे हँडलर, स्टेटस बारवरचे तुकडे, जे काही नोंदवाल ते कॉन्टेक्स्टच्या सबस्क्रिप्शनमध्ये टाका, म्हणजे एक्स्टेन्शन बंद झाल्यावर ते मागे लोंबकळत राहत नाहीत. आणि ॲक्टिव्हेशनसाठी तारांकन (*), म्हणजे ‘नेहमीच सुरू हो’, देऊ नका. फक्त एका भाषेसाठी असलेलं एक्स्टेन्शन प्रत्येक वेळी एडिटर उघडताना सुरू व्हायचं काही कारण नाही.

नवी सोय घालायची असेल तर कोड लिहिण्याआधी इश्यू उघडून विचारा. मेंटेनर नवी सेटिंग घ्यायला कचरतात. प्रत्येक चालू-बंद सेटिंग बाकी सगळ्या सेटिंगांसोबत मिळून तपासायच्या जोड्या दुप्पट करते, आणि एकदा दिलेली सेटिंग काढून घेता येत नाही. ठरलेलं वागणं बदलणं त्याहून नाजूक. लोकांच्या बोटांना कळा पाठ झालेल्या असतात. ‘हे असं जास्त सोयीचं आहे’ हे तुमच्यासाठी खरं असेलही, पण तेवढ्यावर मी इतरांची सवय मोडू शकत नाही.

कोड यंत्राकडून लिहून घेतला असेल तर तसं सांगा. अनेक प्रकल्पांनी याबद्दल आपापले नियम केले आहेत, ते शोधून पाळा. माझं म्हणणं इतकंच आहे की प्रत्येक ओळ का आहे हे तुम्हाला स्वतःला सांगता आलं पाहिजे. मी विचारलेल्या प्रश्नाला पुन्हा यंत्राचंच लांबलचक उत्तर चिकटवून आलं की मी थांबते, कारण मग मी कुणाशी बोलते आहे हेच कळत नाही.

पीआरचा मजकूर

तो बहुतेक ठिकाणी इंग्रजीत लागतो. साधी, छोटी वाक्यं लिहा. व्याकरणावरून चांगला पॅच नाकारलेला मी पाहिलेला नाही. वर सांगितलेल्या बगच्या पीआरमध्ये जे होतं ते मराठीत असं:

शीर्षक: बहुबाइट अक्षरांनंतर चूक दाखवणारी रेघ सरकते, ती जागेवर आणली.
कारण: सर्व्हर कॉलम यूटीएफ-१६ एककांत देतो, आपण तो बाइट समजून एक्स्टमार्कला देत होतो.
बदल: रेघ काढण्याआधी क्लायंटच्या एन्कोडिंगनुसार कॉलम बाइटमध्ये बदलला.
कसं तपासावं: सोबतच्या किमान कॉन्फिगने सोबतची फाइल उघडा. आधी रेघ ‘स्ते’खाली येते, आता व्हेरिएबलखाली येते.
हात लावला नाही: हॉव्हरच्या (शब्दाची माहिती दाखवणाऱ्या) खिडकीतही हाच हिशेब आहे. हवं असल्यास वेगळा पीआर देतो.

शेवटची ओळ मला फार आवडली. पाठवणाऱ्याने आजूबाजूला पाहिलंय आणि तरी मोह आवरलाय, हे तिच्यावरून कळतं. हॉव्हरचा पीआर नंतर आला, आणि तो मी बिनदिक्कत वाचायला घेतला.

इश्यूचा क्रमांक ‘फिक्सेस’ या शब्दापुढे लिहिला की गिटहबवर पीआर मुख्य ब्रँचमध्ये मर्ज होताच इश्यू आपोआप बंद होतो. कमिटच्या संदेशात काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा. काय बदललं ते खाली दिसतंच.

पाठवल्यावर

गिटहबवर एखाद्या प्रकल्पाला पहिल्यांदाच पीआर देत असाल तर बहुतेक वेळा चाचण्या लगेच सुरू होत नाहीत, मेंटेनरने मंजुरी द्यावी लागते. ‘वाट पाहत आहे’ असं दिसलं म्हणून घाबरू नका. चाचण्या लिनक्सवर पास आणि विंडोजवर नापास झाल्या तर आधी फाइलच्या पत्त्यातली उलटी तिरकी रेघ आणि ओळीच्या शेवटची दोन चिन्हं तपासा. बहुतेकदा तिथेच सापडतं.

रिव्ह्यूमध्ये आलेल्या प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्या, नुसतं ‘केलं’ एवढं असलं तरी. पटलं नाही तर कारण देऊन सांगा. मेंटेनरला त्याच्या प्लगइनची माहिती जास्त असते, पण तुमच्या बगची तुम्हाला. ‘निट’ असं लिहून सुरू होणारा शेरा बारीकसा असतो, त्यावर पीआर अडलेला नसतो. दरम्यान मेन पुढे गेली असेल तर अपस्ट्रीमवरून फेच करून रीबेस करा (तुमचे बदल नव्या मेनच्या वर बसवा) आणि ‘--फोर्स-विथ-लीज’ने पुश करा. नुसत्या फोर्समध्ये, तुमच्या ब्रँचवर मेंटेनरने एखादं कमिट टाकलं असेल तर ते पुसलं जातं. रिव्ह्यू सुरू झाल्यावर मात्र सारखं रीबेस करू नका, आधी वाचलेलं काय आणि नवं काय हे शोधणं कठीण होतं. दुरुस्त्या वेगळ्या कमिटमध्ये टाका. बरेच प्रकल्प मर्ज करताना सगळ्यांचं मिळून एक कमिट करतातच.

उत्तर आलं नाही तर दोन आठवडे थांबा, मग एकदा विनयाने आठवण करा. तेवढ्यात तुमची ब्रँच तुमच्या एडिटरमध्ये जोडून रोज वापरत राहा. त्यात दुसरा एखादा दोष दिसला तर तो मेंटेनरच्या आधी तुम्हालाच दिसेल. आठवणीत ‘रोज वापरतोय, अजून काही अडलेलं नाही’ असं खरंखुरं लिहिता आलं, तर त्या वाक्याने माझा निर्णय खूपदा सोपा केला आहे.

मर्ज झालं की एडिटरचं कॉन्फिग फोर्कवरून काढून पुन्हा मूळ प्लगइनकडे वळवा, नाहीतर पुढच्या सुधारणा तुमच्यापर्यंत पोचणार नाहीत. मर्ज म्हणजे रिलीज नव्हे. व्हीएस कोडच्या मार्केटप्लेसवर किंवा ओपन व्हीएसएक्स या दुसऱ्या एक्स्टेन्शन-संग्रहावर पुढची आवृत्ती निघेपर्यंत बाकीच्यांना तो बग दिसतच राहील, आणि त्याचे नवे इश्यू येत राहतील. रेपोच्या सूचना तेवढे दिवस चालू ठेवा. तोच बग घेऊन कुणी आलं तर तुमच्या पीआरचा दुवा द्या, आणि रेघ पुन्हा सरकल्याची तक्रार आली तर सर्वांत आधी त्याच्याकडून किमान कॉन्फिग आणि ती एक ओळ मागून घ्या.